५.९९ लाखांची ती गाडी मला कुणीतरी दाखवाच

चार रविवार. सलग चार रविवार मी शोरूमच्या काचेच्या दारातून आत गेले आणि डोकं फिरवून बाहेर आले. मागणी काय होती माझी? आईचे दोन्ही गुडघे गेलेत. आमच्या जुन्या हॅचबॅकमधून तिला उतरवायचं म्हणजे एक हात मी धरायचा, दुसरा पोराने, आणि तिने "आई गं" करत स्वतःला वर ओढायचं. म्हणून जरा उंच गाडी हवी होती. बजेट आठ लाख, ऑन रोड, म्हणजे कर-विमा सगळं धरून. तीन लाख साठवलेले, बाकीचं कर्ज. आठाच्या वर झेपत नाही, हे मी पहिल्या वाक्यात सांगत होते. प्रत्येक वेळी.

आणि सिंहगड रोडवर रोज जाता-येता दिसणारं होर्डिंग काय म्हणतं? कॉम्पॅक्ट एसयूव्ही, ५.९९ लाखांपासून. त्या "पासून"ने माझा अख्खा महिना खाल्ला.

पहिल्या रविवारी सेल्सवाला सरळ माझ्या नवऱ्याकडे वळला. "सर, या ना, बसून बघा." नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. चालवणार मी, हप्ता भरणार मी. हे सांगितल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कलर दाखवतो." मला रंग नको होता, मला ती ५.९९ वाली बघायची होती. ती शोरूममध्ये नव्हती. स्टॉकयार्डातही नव्हती. "बेस मॉडेल कुणी घेतच नाही मॅडम, रीसेलला मार खाल." अहो, मी ही गाडी दहा वर्षं वापरणार आहे, मला उद्याच्या रीसेलची भीती कशाला घालता? बुक केली तर? बारा आठवडे, तेही नक्की नाही. टॉप मॉडेल मात्र परवा सकाळी दारात उभं करतो म्हणाला. म्हणजे जी गाडी लोकांना दाखवून दुकानात ओढायचं, ती विकायचीच नाही, असं ठरलेलंच आहे ना हे?

शेवटी मी एक पायरी वर चढले. ६,९४,००० एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ आणि विमा धरायच्या आधीची किंमत. आरटीओ धरला तरी आठाच्या आत बसते, असा घरी हिशोब करून गेले होते. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर, त्यावर थोडा सेस, नोंदणीची फी, कर्जाची नोंद. सगळं मिळून ७९,५०० धरलं. ते सरकारचं आहे, त्यावर माझं भांडण नाही. मग त्याने प्रिंटरमधून कोटेशन काढलं. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे, घडीवर फाटायला आलाय. इन्शुरन्स ४६,८००. हँडलिंग चार्जेस ८,५००. इसेन्शियल किट २३,९००. एक्स्टेंडेड वॉरंटी १४,५००. फास्टॅग ८००. खाली ठळक अक्षरात एकूण: ८,६८,०००.

मी त्याच्यासमोर बसून फोनवर त्याच आयडीव्हीचा (म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत), तसाच इन्शुरन्स काढून बघितला. ३१,२००. तोच झीरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापणारा, तीच कव्हरं. पंधरा हजार सहाशेचा फरक कशाचा, विचारलं तर म्हणे, "बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही." हे धडधडीत खोटं आहे. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल कंपनीने थेट गॅरेजला देणं, मिळतं ते विमा कंपनीचा त्या गॅरेजशी करार असेल तर. पॉलिसी कुणी विकली याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची पॉलिसी, तीन वर्षांची घ्यावीच लागते, सप्टेंबर २०१८ पासूनचा नियम आहे तो. पण ती कुठून घ्यायची हे गिऱ्हाईक ठरवतं. हे त्याला ऐकवल्यावर त्याने दुसरं शस्त्र काढलं: "मग तुमचा डिस्काउंट जाईल मॅडम." डिस्काउंट होता पंधरा हजार. म्हणजे पंधरा हजार सोडल्यासारखं करायचं आणि इन्शुरन्समधून पंधरा हजार सहाशे काढून घ्यायचे.

आणि ते हँडलिंग चार्जेस! गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच असतो. डीलरचं कमिशनही त्यातच. आरटीओच्या कुठल्याही पावतीवर ही ओळ नसते. मी विचारलं, हँडल काय केलंत तुम्ही? धुणं, पुसणं, पेपर करणं, असं काहीतरी पुटपुटला. गाडी विकायला धुवून ठेवली म्हणून गिऱ्हाइकाने साडेआठ हजार द्यायचे? किराणावाला पोत्यातून साखर काढल्याचे पैसे वेगळे लावत नाही.

इसेन्शियल किटमध्ये काय होतं ते सांगते. पायातले मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, दारांवरचे व्हायझर, बॉडी कव्हर आणि एक किचेन. नाना पेठेत जाऊन विचारून आले. मॅट, मडफ्लॅप आणि बऱ्यापैकी सीट कव्हर मिळून सात-आठ हजारांत होतं. बाकीचं मला नकोच होतं. पण "किटशिवाय गाडी सुटत नाही" म्हणे. कोण सोडत नाही? कुठल्या कायद्याने? लेखी द्या म्हटलं, तर मॅनेजर चहा पाठवतो.

इन्शुरन्सचा फरक, हँडलिंग, किट, वॉरंटी. या चार ओळी मिळून साडेबासष्ट हजार होतात. त्या काढल्या की गाडी ८,०५,५०० ला पडते. माझ्या बजेटला चिकटून! म्हणजे गाडी महाग नव्हतीच. मधल्या माणसांनी ती माझ्या हाताबाहेर नेऊन ठेवली.

टेस्ट ड्राइव्हचं ऐका. मी घेणार साधं एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, टर्बो नसलेलं मॅन्युअल इंजिन, बहात्तर पीएसच्या आसपास ताकद. चालवायला दिली टर्बो ऑटोमॅटिक. "फील सेमच आहे मॅडम." कसा सेम असेल? इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा! आणि चालवायची कुठे, तर सर्व्हिस रोडवर, नवले पुलापर्यंत आणि परत. सात मिनिटं. एसी फुल, मागची सीट रिकामी. अशी तर कुठलीही गाडी छान चालते.

म्हणून मी सासवडच्या मावसभावाला फोन केला. त्याच्याकडे तीच गाडी आहे, तेच साधं इंजिन. "ताई, घाटात घेऊन बघ, मग बोलू," म्हणाला. हडपसरला येऊन त्याने चावी माझ्या हातात दिली. पाच माणसं, डिकीत आईचा वॉकर आणि महिन्याचा किराणा. वडकी सोडली आणि दिवे घाटाचा चढ लागला. तिसऱ्यात गाडी गुरगुरायला लागली, दुसरा टाकला. पुढे एक टँकर होता. त्याच्यामागे वेग तुटला आणि वळणावर ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी काटा हलेना. मागून पीएमपीची बस हॉर्न मारतेय. "एसी बंद कर ताई," भाऊ म्हणाला. एसी बंद केला, पहिला टाकला, तेव्हा कुठे उचलली. आई मागे पदराने वारा घेत बसली होती. खाली मस्तानी तलाव दिसत होता आणि मला एवढंच कळत होतं की ही गोष्ट गाडी विकणाऱ्या एकाही माणसाने तीन रविवारांत मला सांगितली नाही. शहरात एकट्यादुकट्याला ही गाडी पुरेल, त्यात शंका नाही. पण आम्ही वर्षातून सहा वेळा साताऱ्याला जातो. कात्रज, खंबाटकी, दोन्ही वाटेत. पाच जणांनी घाट चढणार असाल तर बाराशे सीसीचं तरी इंजिन बघा आणि भरलेली गाडी चढावर चालवल्याशिवाय टोकन, म्हणजे बुकिंगचे पैसे, देऊ नका. मी दिलं होतं. त्याकडे येतेच.

व्हिडिओवालेही तसेच. सगळे टॉप मॉडेल चालवणार, सनरूफ उघडून वरून पुणं दाखवणार. अरे, आमच्यासारखी माणसं घेतात ती खालून दुसरी पायरी. तिच्यात मागचा वायपर आहे का? जुलैच्या पावसात मागच्या काचेवर चिखल बसला की पार्किंगमधून गाडी काढायची कशी? मागच्या सीटला नीट हेडरेस्ट आहे का? मधल्या माणसाला तीन पॉइंटचा पट्टा आहे का? ईएससी, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, या पायरीवर आहे का वरच्याच? मी हे विचारलं तेव्हा सेल्सवाल्याने दोनदा टॅबलेट चाळला आणि म्हणाला, "दहा इंची टचस्क्रीन आहे मॅडम."

सुरक्षिततेचं म्हणाल तर ही गोष्ट स्वस्त गाडीत बसत नाही असं अजिबात नाही. टाटाच्या पंचला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाडी धडकवून बघणाऱ्या चाचणीचे, मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाले, तेही दोनच एअरबॅग असलेल्या गाडीला. ह्युंदाईची एक्स्टर २०२३ मध्ये आली तीच प्रत्येक पायरीवर सहा एअरबॅग घेऊन. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप चाचणीही आहे. जमतं, ठरवलं तर जमतं! मग विकणाऱ्याला त्याबद्दल चार वाक्यं बोलता का येऊ नयेत?

आणि या सगळ्यांना एसयूव्ही म्हणणं तरी बंद करा. पंच, एक्स्टर, फ्रॉन्क्स, मॅग्नाइट, कायगर, सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात. उंच केलेल्या हॅचबॅक आहेत त्या आणि त्यात काही वाईट नाही, मला तेवढीच हवी होती. उंचीचा उपयोग खड्ड्यांत होतोच. पंचचा ग्राउंड क्लिअरन्स १८७ मिलिमीटर, मॅग्नाइटचा २०५. पण हे आकडे लोक बसायच्या आधीचे. पाच जण बसले की गाडी खाली दबते आणि आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर तिला खालून घासतोच. मावसभावाच्या गाडीचा तो खरखर आवाज मी ऐकलाय.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली माहितीये? २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी, तिच्यावर आधी २८ टक्के आणि वर एक टक्का सेस होता, तो सरळ १८ वर आला. म्हणजे सहा-सात लाखांच्या गाडीत पन्नास-साठ हजार सुटले. आईला तेव्हाच म्हटलं होतं, थांबलो ते बरं झालं, आता जमेल. तेच पन्नास-साठ हजार या लोकांनी किट, हँडलिंग आणि इन्शुरन्समध्ये घालून माझ्याकडून परत मागितले. सरकारने सोडले ते माझ्यासाठी सोडले होते ना? यांच्यासाठी नव्हे!

आणि टोकन. तिसऱ्या रविवारी, "आज बुक केलं तरच ही किंमत" म्हणाले म्हणून मी अकरा हजार भरून बसले होते. चूक झाली. घाट बघितल्यावर चौथ्या रविवारी गेले आणि बुकिंग रद्द केलं. "सात ते दहा वर्किंग डेज मॅडम, खात्यात जमा होतील." दहा झाले, फोन केला. "अकाउंट्सला आहे." पंधरा झाले. "साहेब सुट्टीवर आहेत." ज्या मुलाने माझ्याकडून कार्ड स्वाइप करून घेतलं, तो आता माझा नंबर बघून उचलत नाही.

आज चोविसावा वर्किंग डे आहे. उद्या मी पावती, रद्द केल्याची ईमेल आणि तो घडीवर फाटलेला कागद घेऊन ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून तिथे जाणार आहे. आईला बरोबर नेणार आहे. ती म्हणाली, "मला त्यांच्या त्या सोफ्यावर बसव. पैसे मिळेपर्यंत मी उठत नाही. तसंही मला उठता येतच नाही."