'रिकामटेकड्या' पालकांतर्फे

मुलांना दारू-नशेपासून दूर ठेवण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. परत एकदा वाचली, कारण आधी वाटलं दुसऱ्याच कुणाच्या लेखावरची चुकून इथे पडली की काय. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की पालकांचे गट, मुलांना संध्याकाळी खेळात गुंतवणं वगैरे सगळी नाटकं, आइसलँडचे दाखले आपल्याला देऊ नका, दारू विकणाऱ्यांबद्दल मी चकार शब्द काढला नाही, आणि शेवटी "मॅडम, जरा वास्तवात या, हा रिकामटेकड्या पालकांचा टाइमपास आहे, ज्याला प्यायचं तो पिणारच."

लेख लांबला, मान्य. मथळाही जरा भडक झाला. पण रिकामटेकडे? अहो, दिवसभर नोकरी करून, घरचं उरकून जी माणसं रात्री दुसऱ्यांच्या पोरांसाठी तासभर बसतात ती रिकामटेकडी, आणि रात्री दीड वाजता चार परिच्छेद टाइप करणारे तुम्ही बिझी! मतभेद असू देत, माझी काही हरकत नाही, पण ते "मॅडम" कुठल्या सुरात आलंय ते कळतं हो मला.

आणि वास्तव मला शिकवू नका. माझा धाकटा भाऊ पंधराव्या वर्षी नशेला लागला आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. माळ्यावरच्या जुन्या सुटकेसमध्ये कफ सिरपच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या, लेबलं नखाने खरवडून काढलेली, तेव्हा कळलं. मग शेजारच्या काकू, त्याच्या मित्राची आई, क्लासचे सर, एकेक जण सांगायला लागला की आम्हाला शंका होतीच हो, पण तुम्हाला कसं सांगणार, वाईट वाटेल. तुम्ही टाइमपास म्हणता ना तो एवढाच आहे, की एका आईला दुसरीला फोन करताना संकोच वाटू नये, आणि सगळ्यांच्या पोरांची घरी यायची वेळ एकच ठरलेली असावी, म्हणजे "बाकी सगळ्यांना सोडतात, मलाच नाही" हे पालुपद तरी बंद होतं.

"पिणारच" म्हणे. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांची ४२ टक्के मुलं गेल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगल्याचं सांगत होती, २०१६ मध्ये ५ टक्के. मग मधली कुठे गेली, त्यांना प्यायचंच नव्हतं का? तिथे पालकांनी आपसात करार केले, रात्री फेऱ्या मारल्या, सोळापर्यंतच्या मुलांना रात्री उशिरा बाहेर राहायला बंदी आली, वीस वर्षांखाली दारू विकायला बंदी, खेळ आणि संगीताच्या क्लासला सरकारी पैसे. भाषणं देऊन काही होत नाही असं तुम्ही म्हणता, ते तर मीच लिहिलंय, अमेरिकेत १९८३ पासून 'डेअर' या शाळांमधल्या नशाविरोधी कार्यक्रमाचे पोलीस वर्गात जाऊन शिकवत होते आणि पुढे तपासलं तर फरक जवळपास नाहीच, हे लेखात आहे, म्हणजे माझंच म्हणणं मलाच ऐकवताय तुम्ही. वाचलं असतं तर दिसलं असतं.

आइसलँड छोटा देश आहे म्हणता, बरं, आहे छोटा. विक्रेत्यांचा विषय वेगळा, त्यावर लिहीन कधीतरी.

दोन टीनएज मुलांचे वडील आहात असं लिहिलंय तुम्ही. त्यांच्या मित्रांच्या आईवडिलांपैकी किती जणांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आहेत तेवढं सांगा, मग पुढचं बोलू.