मासळी बाजारासमोर बसलेल्या बायका

परवा युद्धविरोधी निवेदनावर सही केली आणि दिवसभर अस्वस्थ होते. चौदा मागण्या होत्या. सगळ्या मला पटतात. पण उद्या सकाळी कोणी कुठे जायचं, ते त्यात कुठेच नव्हतं. तेव्हापासून लायबेरियातल्या बायका डोक्यातून जात नाहीयेत.

पश्चिम आफ्रिकेतला हा छोटासा देश. १९८९पासून, मधली दोन-तीन वर्षं सोडली तर, यादवीत होरपळत होता. लाखो माणसं गेली, लहान पोरांच्या हातात बंदुका आल्या. २००२मध्ये तिथली कार्यकर्ती लेमाह ग्बोवी आणि तिच्या सोबतिणी युद्ध थांबवायच्या कामाला लागल्या. शुक्रवारी मशिदीत, शनिवारी बाजारात, रविवारी चर्चमध्ये जायच्या. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची पत्रकं काढली. ख्रिस्ती बायकांच्या या कामात असातू बाह केनेथ या पोलीस अधिकारी बाईने मुस्लिम बायकांना आणलं. एकत्र यायला काहींचा विरोध होता, तरी त्या एकत्र बसल्या. (आपल्याकडे १९७०च्या दशकात महागाईविरोधात लाटणी घेऊन निघालेल्या बायकाही वेगवेगळ्या पक्षांच्या होत्या. ते आपण फार लवकर विसरलो.)

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांनी निवडलेली जागा. राजधानी मनरोव्हियात मासळी बाजाराजवळचं मैदान. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरचा ताफा त्याच रस्त्याने जायचा. पांढरे टी-शर्ट, डोक्याला पांढरं फडकं, आणि रोज तिथे बसायचं. उन्हात बसायचं, पावसातही बसायचं. टेलर चांगला की बंडखोर चांगले, या वादात त्या पडल्याच नाहीत. लढाई थांबवा आणि बोलणी करा, एवढंच म्हणणं. कुठल्याही बाजूच्या आईला ते म्हणता येत होतं, म्हणून गर्दी वाढत गेली. २००३च्या एप्रिलमध्ये टेलरला त्यांची भेट घ्यावीच लागली.

नवऱ्यांशी शरीरसंबंध नाकारण्याच्या त्यांच्या संपाबद्दलच जगभर जास्त बोललं जातं. ग्बोवीनेच पुढे लिहिलंय की त्याचा प्रत्यक्ष परिणाम फारसा झाला नाही, पण त्यामुळे बातमी झाली. माझ्या मते खरी ताकद रोजच्या त्या बसण्यात होती.

जूनमध्ये घानाची राजधानी अक्रा इथे वाटाघाटी सुरू झाल्या. बायका तिथेही पोचल्या. पुढारी हॉटेलात राहून आठवडेच्या आठवडे घोळ घालत होते आणि इकडे मनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैत बायकांनी हातात हात गुंफून सभागृहाची दारंच अडवली. करार झाल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही! सुरक्षारक्षक ग्बोवीला अटक करायला आले तेव्हा तिने अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईने असं करणं हा तिथे शाप मानतात. रक्षक मागे हटले. मध्यस्थ अब्दुलसलामी अबुबकर यांनी बायकांचं ऐकून घेतलं. ११ ऑगस्टला टेलर पायउतार झाला, १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या. आंतरराष्ट्रीय दबाव आणि बंडखोरांची मुसंडी यांचाही त्यात वाटा होता, हे मला मान्य आहे. पण त्या दारात बायका बसल्या नसत्या तर आणखी किती आठवडे गेले असते?

सह्या झाल्यावर त्या घरी गेल्या नाहीत, हे मला निवेदनवाल्या मित्रमैत्रिणींना मुद्दाम सांगायचंय. शस्त्रं जमा करायच्या छावणीत गोंधळ झाला, तेव्हा लढवय्यांना शांत करायला याच बायका गेल्या. २००५च्या निवडणुकीआधी बाजारातल्या विक्रेत्या म्हणायच्या, दुकान टाकून मतदार नोंदणीला कसं जायचं? तेव्हा या बायका त्यांच्या दुकानांवर बसायच्या, त्यांची तान्ही मुलं सांभाळायच्या.