बफर अंडररनचं संरक्षण बंद करू नका

"सीडी-डीव्हीडी राइट करताना बफर अंडररनचं संरक्षण बंद ठेवा. लेसर थांबतो तिथे फट राहते, गाण्यात टक ऐकू येतो. त्यापेक्षा सगळ्यात कमी वेगाने राइट करा." घरातल्या जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो आणि त्यापायी चांगल्या डिस्क बाद होतात. बफर म्हणजे डिस्कवर जाण्याआधी डेटा जिथे साठतो ती ड्राइव्हमधली छोटी मेमरी; राइट होताना ती मधेच रिकामी झाली की बफर अंडररन.

फट राहते, हे खरं. पण केवढी? २००० साली सान्योचं बर्न-प्रूफ नावाचं हे संरक्षण आलं, तेव्हाही ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी होती. सीडीवरचा डेटा विखरून लिहिलेला असतो. त्यामुळे ट्रॅकवर सलग सुमारे अडीच मिलिमीटरचा भाग वाचता आला नाही, तरी प्लेअर तो हिशेबाने पूर्ण भरून काढतो. एवढ्याशा जोडाचा टक ऐकू येणार कुठून?

आता बंद ठेवून काय मिळतं ते बघा. सीडी सोळा एक्सला, म्हणजे मूळ वेगाच्या सोळा पटीने, राइट करताना ड्राइव्ह सेकंदाला साधारण २.४ एमबी लिहितो. बफर २ एमबीचा असेल, तर कॉम्प्युटर सेकंदभर अडखळला की तो रिकामा. अँटिव्हायरसने मधेच डोकं वर काढलं तरी पुरे! संरक्षण असेल तर बफर संपत आला की ड्राइव्ह जागा लक्षात ठेवून थांबतो, बफर भरला की आधी लिहिलेलं वाचत त्याच जागी येतो आणि पुढे लिहू लागतो. नसेल तर डिस्क गेली. आणि बफर एकदाही रिकामा झाला नाही, तर संरक्षणाला काही करावंच लागत नाही. मग ते बंद करून दर्जा कसा सुधारेल? उलट, टप्प्याटप्प्याने वेग वाढवणारे कित्येक ड्राइव्ह प्रत्येक टप्प्यावर हाच जोड आपणहून देतात.

कमी वेगाने बफरवरचा ताण हलका होतो, एवढं मान्य. पण जास्त वेगासाठी बनवलेल्या डिस्कवर सगळ्यात कमी वेग सगळ्यात चांगला ठरेलच असं नाही. मधला वेग घ्या.

राइट होताना लाइट गेली तर मात्र हे संरक्षण कामाचं नाही, तिथे यूपीएसच हवा. आणि राइट करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली बफरची पट्टी सारखी खाली येत असेल, तर फाइली पेनड्राइव्हवरून थेट राइट न करता आधी हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या.