आधी नीट कळू द्या, वळायचं बघू

स्वतःत बदल घडवायचं ठरवलंत, अभिनंदन. आता फक्त घाई करू नका. घाईघाईत काही लोक खरंच बदलून बसतात आणि मग त्यांच्याकडे बोलायला विषयच उरत नाही.

सुरुवात वहीपासून करा. जाड पुठ्ठ्याची, खुणेची रिबीन असलेली हवी. वहीबिहीच्या भानगडीत न पडता थेट चालायला जाणारे, वाचायला बसणारे लोक असतात, नाही असं नाही. पण उद्या कुणी विचारलं तर त्यांच्याकडे पुरावा काय? पहिल्या पानावर पट्टीने समास आखा. पहाटे ५ ला उठणे, ५.१० ला ध्यान, ५.४० ला व्यायाम, रात्री ९.३० ला आत्मपरीक्षण. प्रत्येक कामापुढे हिरव्या पेनाने चौकोन काढा. माझ्या कपाटात अशा चार वह्या आहेत. चारही वह्यांची पहिली तीन पानं फ्रेम करून लावावीत अशी आहेत. चौथ्या पानावर अक्षर जरा कलतं, सहाव्यावर ‘आज थोडा उशीर’ आणि आठव्यावर नुसतीच तारीख. मग बरीच कोरी पानं उलटली की एकाएकी प्लंबरचा फोन नंबर. माझ्या एकूण आत्मविकासात प्रत्यक्ष उपयोगी पडला तो हाच नंबर.

तक्ते आखण्याची परंपरा मोठी आहे, तेव्हा लाजू नका. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने तारुण्यात १३ सद्गुणांची यादी केली होती. आठवड्याला एक सद्गुण, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. चूक झाली की चौकोनात काळा ठिपका. नम्रता यादीत मुळात नव्हती. ‘तू गर्विष्ठ आहेस’ असं एका मित्राने सुनावल्यावर ती तेरावी म्हणून आली. नीटनेटकेपणा तर त्याला शेवटपर्यंत जमला नाही, आणि नम्रता समजा जमलीच तर तिचाही गर्व वाटेल, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. एवढ्या माणसाची ही गत, तर आपण ठिपके मोजत बसण्यात अर्थ नाही. तक्ता आखा आणि थांबा.

यानंतर २१ दिवसांचा नियम, म्हणजे कुठलीही सवय तेवढ्यात लागते म्हणतात तो. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनला दिसलं, की शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. १९६० मध्ये त्याने ते लिहिलं. पुढे तोंडातोंडी त्यातला ‘किमान’ गळाला, चेहराही गळाला, आणि पहाटे उठण्यापासून राग आवरण्यापर्यंत सगळं २१ दिवसांत बसू लागलं. नंतर २००९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींवर अभ्यास प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, कुणाला १८, तर कुणाला चक्क २५४, असा त्यांचा हिशेब. हा आकडा पाठ करा. २२ व्या दिवशी कुणी टोचून विचारलं, तर आपण अजून २५४ च्या आत आहोत, हे शांतपणे सांगता येतं.

त्याच अभ्यासात एक घातक निष्कर्षही आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसं बिघडत नाही. हे मनाला लावून घेऊ नका. एक दिवस चुकला की सगळं मुसळ केरात गेलं असंच समजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, तीही सोमवारी. सोमवार हुकला तर एक तारीख आहेच.

संकल्प मात्र गावभर सांगा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांचे २००९ मधले प्रयोग तुमच्याच बाजूने आहेत. ‘मी अमुक होणार’ हा इरादा दुसऱ्याच्या नजरेस आला, की माणूस त्यासाठी कमी खपतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे शाबासकी आगाऊ मिळते आणि कामही वाचतं. याहून चांगला सौदा मला तरी माहीत नाही.

राहता राहिला मनावरचा ताबा. तो रात्री साडेअकराला पूर्ण असतो. त्या वेळचे तुम्ही म्हणजे कडक साहेब. गादीवर आडवे होऊन पहाटे पाचच्या माणसाला हुकूम सोडता. पाचचा माणूस वेगळाच असतो, त्याला विचारलेलं नसतं आणि त्याची सहीही कुठे नसते. तो अर्ध्या डोळ्याने फोन चाचपतो, नऊ मिनिटं मागून घेतो, मग आणखी नऊ. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा असं काही लोक सांगतात. मी ठेवला. आता मला झोपेत चालता येतं. याला प्रगती म्हणणार नसाल तर तुमचे निकष तपासा.

आणि हो, हे सगळं वाचताना तुम्ही दोन-तीनदा मान डोलावली असेल. आजच्यापुरतं तेवढं पुष्कळ आहे. लगेच उठून काही करायला जाऊ नका, आलेली समज उगाच वाया जाईल. मीही पाचवी वही आणून ठेवली आहे. समास अजून आखलेला नाही, पण प्लंबरचा नंबर पहिल्या पानावर उतरवून घेतलाय.