बटण फक्त तेरा तारखेपासून

वसईतल्या आमच्या वाचनालयात बाईंनी विचारलं, ‘‘तुला कॉम्प्युटरचं कळतं ना रे?’’ मी ‘थोडंफार’ म्हणालो. तिथेच फसलो.

काम किरकोळ होतं. ॲक्सेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्राममध्ये सभासदांचा फॉर्म तयारच होता. बटण दाबलं की त्यात हवे तेवढेच सभासद दिसायला हवेत. कोडमध्ये ओपनफॉर्म ही फॉर्म उघडायची आज्ञा लिहायची, फॉर्मचं नाव द्यायचं, मग तीन स्वल्पविराम आणि चौथ्या जागी अट. मधल्या दोन जागा रिकाम्या असल्या तरी स्वल्पविराम द्यायचेच, पंगतीला न आलेल्या व्याह्यांचं पान मांडून ठेवावं तसे.

आधी ‘गाव = वसई’ लिहून पाहिलं. एक चौकट उगवली आणि मलाच विचारू लागली, वसईची किंमत काय? (आमच्याकडे गुंठ्यात सांगतात.) अवतरणचिन्हं नसली की त्या शब्दाला ॲक्सेस रकान्याचं नाव समजतं. चिन्हं घातली, वसई पटली. मग आडनावं. नाईक, वर्तक, लोपीस सुरळीत पार पडले. डिसोझाबाईंपाशी गाडी अडली, कारण इंग्रजीत त्यांच्या ‘डी’च्या डोक्यावर शेंडी (D’Souza) असते. त्या शेंडीपाशीच अवतरण संपलं असं मानून कोडने पुढच्या ‘सोझा’ला बेवारस ठरवलं. शेंडी दुप्पट केल्यावर जमलं. वसईत डिसोझांना वगळून वाचनालय चालवता येत नाही.

उरली थकबाकी : ‘परतीची तारीख < आज’. २० जानेवारीला बटण दाबलं, यादी अचूक. बाईंनी पेढा दिला.

९ फेब्रुवारीला त्यांचा फोन आला. ‘‘अरे, आप्पांना दंडाची चिठ्ठी गेलीय. त्यांनी पुस्तक कालच नेलंय!’’ आप्पा म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष.

आप्पाच काय, ज्याच्या घरी आमचं पुस्तक होतं तो प्रत्येक जण थकबाकीदार होता. अटीतली तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी, वाचली जाते. माझा ०९/०२ तिथे २ सप्टेंबर झाला होता. २० जानेवारीला मात्र विसावा महिनाच नसल्यामुळे गुपचूप बरोबर वाचलं. धडधडीत चुकलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं!

तारखेची मांडणी ठरवणारं ‘फॉरमॅट’ हे फंक्शन वापरून महिना पुढे आणला, कोड दुरुस्त झाला. आप्पांची माफी मागितली. पण मॉनिटरवर बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे : ‘१ ते १२ तारखेस बटण दाबू नये.’ ती काढू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘राहू दे. तेवढेच दिवस वहीत बघते.’’