सशीण पिल्लं टाकून गेलेली नसते

गेल्या पावसाळ्यापासून व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतो आहे: घरच्या सशाला अचानक पिल्लं झाली तर काय करावं. आमच्या घरच्या ग्रुपवर तो मामींनी टाकला. त्यानंतर ओळखीच्या तीन घरांतून फोन आले, हे खरं का म्हणून. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं. पिल्लांना हात लावू नका, माणसाचा वास लागला की आई त्यांना खाते. आई घरट्यात बसत नसेल तर तिने पिल्लं टाकली असं समजा आणि गाईचं दूध ड्रॉपरने दर दोन तासांनी पाजा. सशाला पाणी देऊ नका. पिल्लांना जुलाब झाले तर घरातलं लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप दोन थेंब द्या. महिन्याची झाली की देऊन टाका, कुणी घेत नसेल तर टेकडीवर सोडा.

मामींनी चांगल्या हेतूनेच पाठवलं, हे मला ठाऊक आहे. पण यातल्या एकेका वाक्याने पिल्लं मरतात. पाच वर्षांपूर्वी यातलंच एक वाक्य खरं मानून मी दोन पिल्लं घालवली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात त्याच वाक्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं. आई घरट्यात बसत नाही, म्हणजे तिने पिल्लं टाकली.

सशीण घरट्यात बसतच नाही. कुत्री, मांजर पिल्लांना पोटाशी घेऊन पडून राहतात, तशी ही राहत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा ती घरट्यात जाते, बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे. तीन ते पाच मिनिटं पाजते आणि बाहेर येते. उरलेले तेवीस तास ती घरट्याकडे ढुंकूनही पाहत नाही. रानातल्या सशिणीला हे करावंच लागतं, कारण ती बिळाशी घुटमळली तर कोल्ह्याला बिळाचा पत्ता लागतो. पिंजऱ्यात वाढली तरी तिची ही सवय जात नाही. पिल्लांचीही त्याला पुरती तयारी असते. डोळे मिटलेले, कान बंद, अंगावर केस नाहीत, तरी आई वर उभी राहिली की काही सेकंदांत ती सड शोधतात. आईच्या दुधातला एक विशिष्ट गंध त्यांना तिथे नेतो. तो नेमका कोणता, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिलं. एका पाजण्यात पिल्लू आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं दूध पिऊ शकतं.

मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन माद्या म्हणून बाजारातून आणलेले ससे, आणि एका सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात केसांचा ढीग हलताना दिसला. सहा पिल्लं. आई दिवसभर दुसऱ्या कोपऱ्यात गवत खात बसलेली. संध्याकाळपर्यंत मी धीर धरला आणि मग गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरने पाजायला बसले. दोन बारकी पिल्लं जास्त अशक्त वाटली, म्हणून त्यांना जास्त पाजलं. एकाच्या नाकातून दूध बाहेर आलं, ते दुसऱ्या दिवशी धापा टाकत गेलं. दुसऱ्याचं पोट फुगलं, मागची बाजू पातळ विष्ठेने माखली, चौथ्या दिवशी तेही गेलं. त्यांची आई रोज पहाटे सगळ्यांना पाजत होती, हे मला पाचव्या दिवशी कळलं, पहाटे पाचला पाणी प्यायला उठले तेव्हा. ती पिल्लांच्या खोक्यात ताठ उभी होती आणि खालून चुटुचुटु आवाज येत होता.

गाईचं दूध का चालत नाही, याचं उत्तर आकड्यांत आहे. सशिणीच्या दुधात स्निग्धांश साधारण १२ ते १३ टक्के आणि प्रथिनं १० टक्क्यांच्या वर असतात, लॅक्टोज अगदी थोडं. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार टक्के, प्रथिनं तीन-सव्वातीन, आणि लॅक्टोज साडेचार टक्क्यांच्या पुढे. म्हणजे पिल्लाला हवं ते कमी आणि सोसत नाही ते जास्त. शिवाय आईच्या दुधापासून पिल्लाच्या पोटात काही मेदाम्लं तयार होतात, ती रोगजंतूंना वाढू देत नाहीत. दुसऱ्या कुठल्याही दुधापासून ती तयार होत नाहीत, म्हणून हाताने पाजलेली पिल्लं इतक्या सहज आतड्याच्या विकाराने जातात.

मग आई पाजते आहे हे ओळखायचं कसं? सकाळी पोटं बघायची. प्यायलेल्या पिल्लाचं पोट चेंडूसारखं गोल आणि कातडी ताणलेली असते. ते गरम लागतं आणि गप्प पडून राहतं. उपाशी पिल्लाचं पोट आत गेलेलं, कातडीला सुरकुत्या, आणि हात लावला की ते किरकिरतं. याहून खात्रीचा उपाय वजनकाटा. स्वयंपाकघरातला चालतो. मी त्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवून, आत फडकं घालून रोज सकाळी सातला एकेकाला तोलायचे आणि दाराच्या मागे कागदावर लिहायचे. सगळ्यात बारकं ३१ ग्रॅमचं होतं. वजन रोज वाढत असेल तर कितीही लहान पिल्लू असो, त्याला ड्रॉपर लावू नका. वाढत नसेल तर आधी त्याच्या आईलाच मदतीला घ्या. तिला धरून खोक्यात पिल्लांवर उभी करा, किंवा मांडीवर अलगद आडवी धरून पिल्लू सडाला लावा, दिवसातून दोनदा. आई खरोखर मेली असेल तरच हाताने पाजायचं, आणि तेही मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या दुधाच्या पावडरीचं दूध, पशुवैद्यांना विचारून, पिल्लू पालथं धरून, थेंबाथेंबाने. दर दोन तासांनी तर मुळीच नाही. थंड पडलेल्या पिल्लाला पाजण्याआधी ऊब द्यायची. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवायची, किंवा सरळ आपल्या अंगाशी धरायचं. गार पोटात दूध पचत नाही.

आता हात न लावण्याचं. ससेपालनाच्या व्यवसायात एका वेतातली जास्तीची पिल्लं उचलून दुसऱ्या सशिणीखाली घालतात. हा तिथला नेहमीचा रिवाज आहे, आणि त्या सशिणी परकी पिल्लंही पाजतात. माणसाच्या वासाने आई पिल्लं खात असती, तर हे शक्यच झालं नसतं. सशीण पिल्लं खाते ते वेगळ्या कारणांनी: पिल्लू मेलेलं असतं, पहिलं वेत असतं आणि वार खाताखाता चूक होते, आसपास कुत्रं किंवा मांजर फिरत असतं, किंवा तिला पुरेसं खाणं-पाणी नसतं. हात स्वच्छ धुवा, आईच्या बिछान्यातलं गवत तळव्यांवर चोळा आणि बघा. बघायलाच हवं, कारण सशीण बाहेर पडलेलं पिल्लू उचलून परत आणत नाही. मांजरीसारखं मानेला धरून नेणं तिला जमत नाही. सड न सोडता लोंबकळत बाहेर आलेलं पिल्लू फरशीवर पडतं आणि दोन-तीन तासांत गार होतं. ते खोक्यात परत ठेवणारा हात तुमचाच असतो. मेलेलं पिल्लूही तुम्हालाच काढावं लागतं. आणि आपल्याकडे मुंग्या. आमच्या पिंजऱ्याचे चारही पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते, कारण ओल्या, आंधळ्या पिल्लाला लाल मुंग्या लागल्या तर हात लावायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही. घरट्यात कापूस घालू नका, त्याचे धागे पायाला गुंडाळतात. सुकं गवत आणि आईने छातीचे उपटलेले केस पुरतात.

"सशाला पाणी पाजलं की तो मरतो." हे आपल्याकडे इतक्यांनी मला सांगितलंय की मोजणं सोडलं. हिरवा पाला भरपूर खाणारा ससा पाणी कमी पितो, त्यावरून कुणीतरी काढलेला हा निष्कर्ष असावा. पाजणाऱ्या आईला पाणी नसेल तर दूध आटतं, बस. जड मातीच्या वाडग्यात ताजं पाणी चोवीस तास ठेवा.

औषधाचं वाक्य सगळ्यात घातक आहे. लहान मुलांच्या कितीतरी अँटिबायोटिक सिरपांत अमॉक्सिसिलिन असतं. सशाला ते तोंडाने दिलं की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा जुलाबाने जातो. मोठा, धडधाकट ससाही जातो. क्लिंडामायसिनचंही तेच. सशाला चालणारी अँटिबायोटिकं वेगळी आहेत, आणि ती पशुवैद्यच ठरवतात. पिसवांसाठी कुत्र्याला लावतात त्या फिप्रोनिलच्या औषधाने ससे मरतात, हेही याच ओघात सांगून ठेवते. दूध सुटण्याच्या सुमाराला आणि त्यानंतर होणारे जुलाब बहुतेकदा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचे असतात. पोट डेऱ्यासारखं, पाठीचा कणा हाताला लागतो, लेंड्यांऐवजी चिकट घाण. त्या दिवशीच लेंडीचा नमुना घेऊन दवाखान्यात जायचं, उद्यावर टाकायचं नाही. कॉक्सिडियावर औषध आहे आणि वेळेत दिलं तर पिल्लं वाचतात.

डोळ्यांचंही सांगते, कारण त्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. पिल्लांचे डोळे दहाव्या ते बाराव्या दिवशी उघडतात. आमच्या ३१ ग्रॅमवाल्याची डावी पापणी नवव्या दिवशी फुगली, कडेला पिवळट खपली. आत पू साचला होता. डॉक्टरांनी दाखवलं तसं केलं: उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून तो मिनिटभर पापणीवर धरायचा, खपली मऊ पडली की आतून बाहेर एकदाच पुसायचं, बोटाने पापणी ओढायची नाही. तिसऱ्या वेळेला पापणी आपोआप उघडली आणि तांदळाएवढा पू बाहेर आला. मग त्यांनी लिहून दिलेले थेंब, आठवडाभर. घरातले जुने डोळ्यांचे थेंब घालू नका, त्यांत स्टेरॉइड असेल तर डोळा कायमचा जाऊ शकतो. बारक्याच्या बुबुळावर पांढुरका ठिपका राहिला, पण त्याला दिसतं.

मजकुरात बापाबद्दल एक अक्षरही नाही, आणि अचानक वेत झालेल्या घरात पहिलं काम तेच असतं. नर त्याच दिवशी, त्याच तासाला वेगळा करायचा. सशीण व्याल्यावर काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते. तिला ठरावीक माज येण्याची वाट पाहावी लागत नाही, संग झाला की बीज सुटतं. आमच्या दोन 'माद्यां'पैकी एक नर होता, हे कळेपर्यंत तीन दिवस गेले. पहिल्या वेतानंतर बरोबर ३१ दिवसांनी दुसरं वेत, पाच पिल्लांचं. आई हाडकुळी झाली होती. पिल्लांतही तीच काळजी घ्यावी लागते. दहा-बारा आठवड्यांच्या आसपास भाऊ बहिणींपासून वेगळे ठेवायचे, कारण लहान चणीच्या जाती साडेतीन-चार महिन्यांतच वयात येतात. नराची नसबंदी केली तरी पुढचे चार-सहा आठवडे तो माद्यांसोबत नको.

महिन्याची झाली की देऊन टाका, असं म्हणतात. पिल्लं अडीच-तीन आठवड्यांची झाली की गवत कुरतडू लागतात, आईच्या मऊ लेंड्या खातात आणि त्यातून गवत पचवणारे जंतू त्यांच्या पोटात जातात. दूध चार ते सहा आठवड्यांत सुटतं. नेमक्या याच दिवसांत घर बदललं, खाणं बदललं, प्रवास झाला की जुलाब लागतात. बाजारात मुठीत मावणारी पिल्लं विकतात आणि आठवड्यात मरतात, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. आठ आठवडे भावंडांसोबत राहू द्या. दुसरं वेत आल्यामुळे मला पहिली चार पिल्लं आईपासून आधी काढावी लागली, तरी ती एकत्र ठेवली. सुकं गवत कायम समोर, थोडा लसूणघास, पालेभाजी एकेक चिमूट वाढवत. गाजर नाही. त्यात साखर जास्त असते, आणि पिल्लाच्या पोटाला ती झेपत नाही.

आणि टेकडी. आपल्या माळावर, उसात दिसतो तो ससा वेगळा प्राणी. त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि उघड्यावर, गवतातल्या नुसत्या खळग्यात वाढतात. आपला पांढरा ससा युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. टेकडीवर तो दुपारच्या उन्हात धापा टाकतो, पांढरा रंग लांबून दिसतो, आणि पहिल्याच रात्री कुत्री त्याला गाठतात. प्राणी उपाशी मरेल अशा जागी सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. उलट बाजूने, ऊसतोडीत सापडलेलं रानसशाचं पिल्लू घरी आणणंही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. तेही एकटं दिसलं म्हणजे टाकलेलं नसतं. त्याचीही आई संध्याकाळनंतर येते. ते होतं तिथेच, जवळच्या बांधाच्या सावलीत ठेवा.

आमच्या नऊपैकी आठ पिल्लांना घरं मिळायला साडेतीन महिने लागले. घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन पिंजऱ्याची जागा पाहिली, दोघांना नाही म्हटलं. बारका कुणाला दिला नाही. आज तुमच्याकडे सशीण व्याली असेल तर नर आधी दुसऱ्या खोलीत न्या, आईला पाणी भरून ठेवा, मेलेलं पिल्लू असेल तर काढा, आणि ड्रॉपर कपाटात ठेवून द्या. पोटं उद्या सकाळी बघा.