दगडापेक्षा वीट मऊ

वस्तऱ्याने दाढी करायची असं ज्याच्या मनात येतं, त्याला वाटतं की आपल्याला आता वस्तरा लागणार. वस्तरा लागतोच, पण तो मिळवणं हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर पितळी समया आणि बंद पडलेली घड्याळं यांच्यामध्ये शेफील्डचे जुने वस्तरे निवांत पडलेले असतात. त्यातला एक मी उचलला. पातं शाबूत, मुठीला तडा नाही, गंज फक्त पाठीवर. धार म्हणाल तर लोण्यालाही तिची भीती वाटू नये.

धार लावायची म्हणजे दगड हवा. इथून पुढे माणूस दाढी विसरतो आणि भूगर्भशास्त्रात शिरतो.

पहिली सूचना घरातूनच आली. "आपल्याकडे सहाण आहे की," आई म्हणाली. मी म्हटलं, "अगं, ती चंदनाची. खरखरीत आहे ती." "मग पाटा घे. इतका गुळगुळीत झालाय की चटणी सरकते नुसती. टाकी लावणारी हल्ली फिरकतच नाही." देव्हाऱ्यातून सहाण आणि माळ्यावरून पाटा उतरवण्याआधी मी घराबाहेर पडलो.

गल्लीत सायकलवर चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा येतो. त्याने वस्तरा उघडला, उजेडात धरला आणि अदबीने मिटून परत दिला. "साहेब, हे आपलं काम नाही. चाकावर तापलं तर पोलादाचं पाणी उतरेल." धंद्याला स्वतःहून नाही म्हणणारा माणूस मला या शोधात हा पहिलाच भेटला.

मग आमचा सलूनवाला. त्याच्याकडे दगड असणार अशी माझी भाबडी समजूत होती. तो अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वापरतो. गिऱ्हाईक बसलं की पाकिटातलं ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं खाचेत सरकवायचं, झालं की फेकायचं. एड्सची भीती पसरली तेव्हापासून बहुतेक खुर्च्यांवर हेच चालतं, आणि ते योग्यच आहे. "वडिलांच्या धोकटीत होता ना दगड," तो म्हणाला. "झिजून मध्ये खड्डा पडलेला. गावाला आहे अजून. वाऱ्याने दार आपटतं, त्याला लावतो."

शेवटी नागदेवी स्ट्रीट. तिथे नट-बोल्टपासून लेथपर्यंत सगळं मिळतं. दुकानदाराने न विचारता दुतोंडी कार्बोरंडमचा दगड काढून ठेवला, एक बाजू भरड, एक जरा बारीक. "सुतार नेतात, खाटीक नेतात. तुम्हाला कशाला पाहिजे?"

"वस्तऱ्याला."

त्याने माझ्या गालाकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग पुन्हा गालाकडे. "शेठ, ब्लेड घ्या," असं म्हणून त्याने दगड परत कपाटात ठेवला. आपला माल विकायचा नाही असं त्यालाही वाटलं, म्हणजे माझा चेहराच काहीतरी सांगत असणार.

तेव्हा आकड्यांचा अभ्यास सुरू झाला. दगडाला नंबर असतो. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. शॅप्टन नावाच्या जपानी कंपनीचे काचेवर बसवलेले दगड असतात, त्यांत 1000 नंबरचा कण 14.7 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), 8000 चा 1.84, 16000 चा 0.92 आणि 30000 चा 0.49. दोन दशांश स्थळांपर्यंत! माझ्या पगारवाढीचं गणितही इतकं बारीक होत नाही. हे वाचून मला हायसं वाटलं, कारण कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात 2000 नंबरचा वॉटर पेपर मिळतो, तो आपल्या आवाक्यातला. पण तो नंबर युरोपातल्या मोजमापाचा निघाला. त्या मापात 2000 म्हणजे सुमारे 10 मायक्रॉन. म्हणजे जपानच्या हजारापेक्षा थोडा बारीक, आणि जपानच्या दोन हजाराला मात्र त्याने लांबूनच नमस्कार करावा. एकाच आकड्याची दोन वजनं ही गोष्ट रेशनच्या दुकानाबाहेर मला प्रथमच भेटली.

आकडे कळले तोवर माणसं भेटली, आणि होतं ते समजणंही गेलं.

डोंबिवली पूर्वेला आमचे एक काका राहतात. आयुष्य टूलरूममध्ये गेलं. त्यांना जगातली कुठलीही गोष्ट मायक्रॉनमध्ये सांगितली की पटते. "हे बघ, हजाराने धारेचा उतार बसवायचा. चार हजाराने हजाराचे ओरखडे काढायचे. आठ हजाराने चार हजाराचे. मग बारा हजार. संपलं." काकांचा सगळा विश्वास माणसाने बनवलेल्या दगडावर.

डोंबिवली पश्चिमेला एक मास्तर राहतात. भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. त्यांच्यापुढे मी काकांचे नंबर म्हणून दाखवले तेव्हा ते कळवळले. "अरे, त्या कारखान्यातल्या विटा! विटेवर वस्तरा लावतात का कुणी?" मग रुमालात गुंडाळलेला एक पिवळसर दगड त्यांनी बाहेर काढला. बेल्जियमचा कोटिक्यूल. आर्डेनच्या डोंगराळ भागात, व्हिएलसाल्मच्या आसपास, याच्या बारीक शिरा सापडतात. वय सुमारे 48 कोटी वर्षं, अंगात गार्नेट या कठीण खनिजाचे कण. शीर इतकी पातळ असते की पिवळ्या थराला खालून स्लेटची पाठ चिकटवून द्यावी लागते. आणि प्रत्येक शिरेला नाव: ला व्हेनेत, ला ग्रोस ब्लांश, ला द्रेसांत. "याचा नंबर किती?" मी विचारलं. मास्तरांनी दगड रुमालात परत गुंडाळला.

नंबर नाही. नैसर्गिक दगडाला तो असतच नाही. छोट्या दगडाने घासून त्याच्यावर चिखल काढायचा, त्या चिखलात पातं फिरवायचं, मग थेंबथेंब पाणी घालत चिखल पातळ करत न्यायचा. चिखल दाट तेव्हा दगड जलद कापतो, साधं पाणी उरलं की हळुवार होतो. एकाच दगडात सगळे नंबर! मला हे फार आवडलं. हेच काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, "थेंब किती मिलिलिटरचा?"

मास्तर एकदा सुरू झाले की युरोप पालथा घालतात. जर्मनीत थुरिंगियातल्या झोनेबर्गचे एशर कंपनीचे दगड, आता निघत नाहीत. त्यांवरची जुनी कागदी चिठ्ठी शाबूत असली की किंमत कुठल्या कुठे जाते. ती चिठ्ठी म्हणजे दगडाचा सातबाराच. मग इंग्लंडचा चार्नली फॉरेस्ट, अमेरिकेतला आर्कान्सा, क्योटोजवळच्या खाणींतले जपानी दगड. ऐकता ऐकता माझ्या मनात एक देशी विचार आला. अख्खा महाराष्ट्र दगडावर उभा आहे, मग मी बेल्जियमपुढे पदर का पसरतोय? मास्तरांनी तोही खोडून काढला. आपला बसाल्ट, लाव्ह्याचा. त्यातले स्फटिक एकमेकांत घट्ट विणलेले, लहानमोठे. त्यात लेणी कोरता येतात, किल्ले बांधता येतात. दाढी नाही करता येत.

"काका, मास्तर तुमच्या दगडांना विटा म्हणतात," मी पूर्वेला जाऊन सांगितलं. असली निरोपांची ने-आण करू नये हे मला ठाऊक आहे, पण दोघांत फक्त रेल्वेचा पूल आणि दोघांकडे चहा उत्तम.

काका अजिबात चिडले नाहीत. "बरोबर आहे त्याचं. दगडापेक्षा वीट मऊच. मऊ म्हणून तर झिजते, झिजते म्हणून नवे कण वर येतात, नवे कण आले की भराभर कापते. नवशिक्याला तेच हवं." हे मला आजवर या विषयात ऐकलेलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य वाटतं. नवशिक्याला आपण चुकतोय की दगड, हे कळत नाही. नंबरवाल्या दगडावर निदान संशयित एकच उरतो.

मग मी मागणी नोंदवली: 1000 चा एक, आणि एका अंगाला 4000, दुसऱ्या अंगाला 8000 असा जोडदगड. यादी इथे संपली असं मला वाटलं. काकांनी विचारलं, "आणि सपाट कशाने करणार?" दगड वापरून मध्ये खोलगट होतो, आणि नवाकोराही दुकानातून सपाट येईलच असं नाही. म्हणून त्यावर पेन्सिलने चौकटी आखायच्या आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत हिऱ्याच्या पट्टीवर घासायचा. घरात हिऱ्याची पहिली वस्तू आली, ती ही. बायकोने पार्सलच्या यादीत 'डायमंड' वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. पुढचं सांगत नाही.

धार लागली की नाही हे ओळखण्याच्या परीक्षा वेगळ्याच. पात्याच्या काठावर मार्करची शाई लावायची आणि दगडावर पुसली जाते का बघायचं, ही मला मानवली. दुसरी केसाची: लांब केस चिमटीत धरायचा, अलगद धारेवर टेकवायचा, तो आपोआप तुटला पाहिजे. लांब केस माझ्याकडे कुठून येणार? माझे आखूडही मोजून खर्च करावे लागतात. तेव्हा सकाळी कंगव्यातून बायकोचे केस गोळा करताना मी सापडलो. "कुणावर काही करायचंय का?" तिने शांतपणे विचारलं.

दगड येईपर्यंत धीर निघेना, म्हणून काकांनीच एका रविवारी वस्तरा लावून दिला. पाठीवर इन्सुलेशन टेप चिकटवली, पातं दगडावर आडवं ठेवलं. इथे मात्र वस्तरा स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा सोपा: पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, कोन आपोआप साधतो, हाताने तोलायचा नसतो. दगडावर धार पुढे ठेवून जायचं, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. जोर शून्य. चहा निवायच्या आत दाढी करण्याजोगी धार झाली. "रोज पट्ट्यावर ओढ," काका म्हणाले. "काही महिने तुला दगड लागणारच नाही."

हे त्यांनी पैसे भरायच्या आधी सांगायला हवं होतं.

दाढी सुरेख झाली. तोच गाल घेऊन मी पश्चिमेला गेलो. मास्तरांनी अंगठ्याने धार चाचपली. "चांगली आहे. पण चावरी आहे. ठेव इथे, कोटिक्यूलवर फिरवून देतो." काकांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, "धार गोल करून ठेवील तो. तिकडून घेतलास की आधी माझ्याकडे आण." तेव्हापासून वस्तरा पूर्व-पश्चिम करतो आहे. पुलावर बॅगा तपासणारा हवालदार दिसला की मला दगडांविषयी माहीत असलेलं सगळं एका वाक्यात कसं सांगायचं याची मी मनात उजळणी करतो.

दरम्यान माझे दगड आले. वस्तरा घरात नव्हता. आईने 1000 चा भिजवला, विळी आडवी धरली आणि तिच्या पात्यावर तो सराईतपणे ओढला. मग एक टोमॅटो कापून पाहिला, मग कोथिंबीर.

"हा चांगला आहे," ती म्हणाली. "हा माझ्याकडे राहील. तो दुसरा परत घेतात का विचार."